सील लागायच्या आधी काय करायचं?

हे बघा, हे बोल्ट सील. बोटाएवढा जाड लोखंडी खिळा, त्यावर नंबर कोरलेला. एकदा खट्कन बसला की हाताने निघत नाही, कटरनेच तोडावा लागतो. नाशिकच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षांचा कंटेनर भरला की हे उजव्या दाराच्या कडीला लावतात आणि डबा निघतो न्हावा शेवामार्गे रॉटरडॅमला.

आता नीट ऐका. शिपिंग कंपनी तुमच्या पेट्या मोजत नाही. तिच्या ताब्यात जातो तो बंद डबा. माल घेतल्याची जी पावती ती देते त्या बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे आपल्या बीएलवर, तसं छापलेलंच असतं : माल भरला पाठवणाऱ्याने, मोजला त्यानेच. तिकडे सील शाबूत आणि आत पेट्या कमी, तर आधी जाब तुम्हालाच विचारणार.

म्हणून रिकामा कंटेनर आला की आधी तो तपासा. एकाने आत उभं राहायचं, बाहेरून दार लावून घ्यायचं. अंधारात कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर डबा बदलून मागा. वासही घ्या. आधीच्या मालाचा वास द्राक्षांना लागतो.

रीफर कंटेनर, म्हणजे थंड हवेचं यंत्र बसवलेला डबा, माल गार करायला नसतो, गार माल गार ठेवायला असतो. द्राक्षं प्रीकूलिंगच्या खोलीत शून्य अंशाच्या आसपास आणायची, मगच आत भरायची. ही खालची जमीन बघा, लांबच लांब खाचा आहेत ना? थंड हवा यातून दारापर्यंत जाते, पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परतते. भिंतीवर ही लाल रेषा त्यासाठीच आहे. तिच्यावर एकही पेटी चढवू नका. भाडं तेवढंच, मग आणखी चार पेट्या बसवू, हा मोह मला कळतो. पण त्या चार पेट्या हवेची परतीची वाट अडवतात आणि बाकीचा सगळा माल धोक्यात येतो.

मग वजन. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं खरं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. एक तर काट्यावर करा, नाहीतर माल, पॅलेट, पॅकिंग असं सगळं वजन धरून त्यात दारावर लिहिलेलं रिकाम्या डब्याचं वजन मिळवा. अंदाजे आकडा टाकू नका. कुठला डबा खाली, कुठला वर हे जहाजावर त्यावरूनच ठरतं.

ट्रेलरवर जनरेटर चालू ठेवून गाडी बंदरावर जाते. गेटवर फॉर्म 13 वरचा, म्हणजे डबा बंदरात आत घ्यायच्या कागदावरचा, कंटेनर नंबर आणि सील नंबर जुळवून बघतात. डबा जहाजावर चढला की बीएल हातात येतं. मूळ प्रती साधारणपणे तीन असतात. त्यातली एक दिल्याशिवाय खरेदीदाराला तिकडे माल मिळत नाही.

त्या बीएलवरचा सील नंबर एकेक आकडा लावून वाचा. आमच्या एका कंटेनरच्या कागदावर 8 चा 3 झाला होता आणि डबा तिकडच्या बंदरात तीन दिवस अडकला. दार लावताना सीलचा जवळून काढलेला फोटो आमच्याकडे होता. तो पाठवला, तेव्हा कुठे कागद दुरुस्त झाला.