हेलवानच्या धावपट्टीवरचं मारुत

[कृष्णधवल छायाचित्रं: वाळवंटातली धावपट्टी]

साल १९६७. इजिप्तमध्ये कैरोच्या दक्षिणेला, नाईलच्या काठी हेलवान नावाचं गाव आहे. तिथल्या धावपट्टीवर उभं असलेलं हे लढाऊ विमान आपल्या बंगळुरूत बनलंय. नाव मारुत. त्याला दोन इंजिनं आहेत, आणि ती एकसारखी नाहीत. एक आहे ऑर्फियस, मूळ ब्रिटिश. दुसरं ई-३००, इजिप्तमध्ये घडवलेलं.

एका विमानात दोन देशांची दोन इंजिनं का बसवावी लागली?

मारुतचा आराखडा केला कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याने. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या भारतीय अभियंत्यांना सोबत घेऊन त्याने हे विमान उभं केलं. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा आकाशात नेलं. आखणी होती ध्वनीच्या दुप्पट वेगाची. त्यासाठी हवं होतं आफ्टरबर्नर, म्हणजे मागच्या नळीत पुन्हा इंधन जाळून जोर वाढवणारी जोडणी, असलेलं ऑर्फियस १२. पण ब्रिटनने त्यातून लक्ष काढून घेतलं आणि ते पूर्ण करण्याचा खर्च उचलायला भारतही तयार झाला नाही. मग नॅट या छोट्या लढाऊ विमानाचंच, जेमतेम २,२०० किलो थ्रस्टचं, म्हणजे रेट्याचं, ऑर्फियस ७०३ बसवावं लागलं. विमान ध्वनीच्या वेगाच्या आसपासच अडकलं.

त्याच सुमारास इजिप्तही स्वतःचं लढाऊ विमान बनवत होता. आराखडा विली मेसरश्मिटचा, इंजिन फर्डिनांड ब्रँडनर या ऑस्ट्रियन अभियंत्याचं. दोन नवस्वतंत्र देशांनी गरज ओळखून हात मिळवले. ७ मार्च १९६४ रोजी त्या इजिप्शियन विमानाचं पहिलं उड्डाण केलं आपल्या कपिल भार्गव यांनी. ब्रँडनरचं इंजिन हवेत तपासायला भारताने आपलं मारुत दिलं. ते यशस्वी झालं असतं तर दोन्ही विमानांना इंजिन मिळणार होतं.

जून १९६७ च्या युद्धात इजिप्त होरपळला. तिजोरी रिकामी झाली आणि १९६९ मध्ये प्रकल्प गुंडाळला. इंजिन चालत होतं. भागीदाराचं बळ सरलं होतं.

[सुरंजन दास यांचं छायाचित्र]

इकडे बंगळुरूच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेत ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडायचे प्रयत्न चालू होते. १० जानेवारी १९७० रोजी अशाच एका मारुतच्या चाचणीत सुरंजन दास मृत्युमुखी पडले. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पुढच्याच वर्षी १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मारुतने चोख काम केलं. इंजिन मात्र अखेरपर्यंत तेच राहिलं.

मिग-२१ आलं तेव्हा आपण परवाना घेतला. नाशिकजवळ ओझरला विमान जुळायचं, ओडिशात कोरापुटला इंजिन. हजारो हात तरबेज झाले. पण नकाशे रशियाचे होते. एखादं पातं अमुकच वळणाचं का, हे कोणी शिकवलं नाही. आणि तेच शिकवायला कुठलाही देश सहजी तयार होत नाही.

[टर्बाइनच्या पात्याचं जवळून चित्रण]

हे पातं तळहातावर मावेल एवढं. त्याच्यावर आदळणारा वायू ते ज्या धातूचं आहे त्याच्या वितळण्याच्या तापमानाहूनही तापलेला असतो. ते वाचतं ते पोटातल्या बारीक वाटांमधून खेळवलेल्या हवेमुळे, वरच्या लेपामुळे आणि ओतकामाच्या कौशल्यामुळे. साध्या ओतीव धातूत साखरेसारखे असंख्य दाणे असतात, आणि उष्णतेत त्यांच्या सांध्यांतूनच तो हार मानतो. म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात, खडीसाखरेच्या एका खड्यासारखं. हैदराबादच्या धातुसंशोधन प्रयोगशाळेने ही विद्या साधली. २०२१ मध्ये अशी ६० पाती हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सला मिळाली.

तेजस या आपल्या लढाऊ विमानासाठीचं स्वदेशी कावेरी इंजिन १९८९ मध्ये मंजूर झालं तेव्हा ही पाती आपल्याकडे नव्हती. ८१ किलोन्यूटन रेट्याचं लक्ष्य गाठता आलं नाही, वजनही ठरल्यापेक्षा वाढलं. उंचावरच्या विरळ हवेतली चाचणी घ्यायची सोय देशात नव्हती, म्हणून इंजिन रशियाला न्यावं लागलं. नोव्हेंबर २०१० मध्ये मॉस्कोजवळ इल्युशिन-७६ विमानाच्या पंखाखाली कावेरी तासाभराहून जास्त उडालं. तोवर तेजसपासून त्याची फारकत झालेली होती. तेजस आजही अमेरिकन एफ-४०४ इंजिनावर उडतं. २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिलं हाती यायला मार्च २०२५ उजाडलं.

कावेरीला फसलेला प्रकल्प म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. त्याचं आफ्टरबर्नरविना रूप वैमानिकविरहित विमानासाठी तयार होतंय आणि त्याचे भाग बनवण्याचं काम मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजकडे आलं आहे. ही कारागिरी कावेरीनेच घडवली.

[ओझरच्या धावपट्टीवर तेजस]

ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर भारतातच लढाऊ विमानाचं इंजिन बनवण्याचं जाहीर केलं. अ‍ॅम्का या पुढच्या पिढीच्या विमानासाठी १२० किलोन्यूटनच्या वर्गातलं. याच फ्रेंच उद्योगसमूहाबरोबर मिळून ध्रुव हेलिकॉप्टरचं शक्ती इंजिन साकारलं, तेव्हा ओळख जुनी आहे. या वेळी करारात पाहायचं ते एवढंच: इंजिनाच्या गरम भागाचा, म्हणजे जिथे इंधन जळतं आणि ही पाती फिरतात त्याचा, आराखडा कोणाच्या मालकीचा, आणि उद्या त्यात बदल करायला पॅरिसला विचारावं लागेल का. उंचावरच्या चाचणीची सोय बंगळुरूत उभी राहणार की प्रत्येक वेळी इंजिन परदेशी पाठवायचं, हेही त्याच कागदावर ठरायला हवं.

अ‍ॅम्काची पहिली विमानं अमेरिकन एफ-४१४ इंजिनावर उडतील. नव्या इंजिनाला दशकभर लागेल. हैदराबादच्या ओतशाळेला आणि विक्रोळीच्या कारखान्याला या दशकात दरवर्षी काम आणि पैसा मिळत राहिला पाहिजे.