आई-बाबा येण्याआधी घराकडे एकदा बघा

नमस्कार मंडळी! समोर बसलेल्या काका-काकूंना आणि आजी-आजोबांना आधी वाकून नमस्कार. भारतातून इथे अमेरिकेत मुलांकडे आल्यावर घरात पडणं कसं टाळायचं, हा आजचा विषय. बोलणार आहे तुमच्याविषयी, पण सांगणं आहे ते तुमच्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे ‘पडले आणि मग…’ अशी सुरुवात रोज कानावर येते. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या आकडेवारीनुसार पासष्टीच्या पुढच्या दर ४ माणसांमागे १ जण वर्षभरात एकदा तरी पडतो. त्यांतले निम्मेसुद्धा डॉक्टरांना सांगत नाहीत. आपल्याकडे तर आणखी झाकाझाक. “काही नाही गं, जरा पाय सटकला,” एवढ्यावर विषय संपतो. मुलीला रजा काढावी लागेल, जावईबापूंना त्रास होईल, ही धास्ती मनात असते. पण एकदा पडलेल्या माणसाची पुन्हा पडण्याची शक्यता दुप्पट होते. तेव्हा हे कळायलाच हवं, आणि न रागावता विचारलं तरच ते कळतं.

इथल्या बाथटबचंच घ्या. जन्मभर सपाट न्हाणीघरात बादली-तांब्याने आंघोळ केलेल्या सत्तरीच्या बाईने तो उंच काठ ओलांडून ओल्या, गुळगुळीत टबात पाय टाकायचा. तोल जातो तेव्हा हात जातो टॉवेलच्या दांडीकडे, आणि ती माणसाच्या वजनासाठी बसवलेलीच नसते. नुसते चिकटवायचे हँडलही नकोत, ऐनवेळी सुटतात. भिंतीच्या आतल्या लाकडी खांबात स्क्रूने पक्का बसवलेला ग्रॅब बार, म्हणजे आधाराला धरायची भक्कम दांडीच हवी. टबात रबरी चटई, बसायला शॉवरची खुर्ची आणि हातात धरायचा शॉवर. विमानाच्या तिकिटापुढे हा खर्च काहीच नाही, म्हणून ते पोचण्याआधीच करा.

रात्रीचं आणखी निराळं. सुनेची झोप मोडू नये म्हणून सासूबाई दिवा लावत नाहीत, अंधारात भिंत चाचपत बाथरूमला जातात. त्यांचा हा समजूतदारपणा फार धोक्याचा आहे. चाहूल लागताच आपोआप लागणारे छोटे दिवे पॅसेजमध्ये लावा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर झटकन उठल्यावर भोवळ येऊ शकते. मिनिटभर पलंगाच्या काठावर बसून मगच उभं राहायचं. आणि इथे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या झोपेच्या बऱ्याच गोळ्यांत डायफेनहायड्रामिन नावाचं औषध असतं. वयस्कर माणसांत त्याने गुंगी येते, गोंधळ उडतो, तोल जातो. आई-बाबांना परस्पर देऊ नका.

तरीही कुणी पडलंच, तर घाईने ओढून उठवू नका. कुठे दुखतंय ते आधी विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर माणूस हसत-बोलत असला तरी थेट इमर्जन्सीत न्या. फ्रिजवर घराचा पत्ता, ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर आणि औषधांची यादी मोठ्या अक्षरांत लावा. यादीत भारतातली ब्रँडची नावं नकोत, मूळ औषधांची नावं लिहा. हॉस्पिटलमध्ये मराठी दुभाषा मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. आईला जे मुलासमोर सांगायला संकोच वाटतो, ते ती दुभाष्यामार्फत सांगू शकते.

चहानंतर मागच्या खोलीत चटया घातल्या आहेत. जमिनीवरून खुर्चीच्या आधाराने सुखरूप कसं उठायचं, ते मी करून दाखवणार आहे. आई-बाबांना घेऊन या. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी मला सांगावं, त्यांच्यासाठी बसूनच करायचे व्यायाम आहेत.