पावणेनऊ चमचे

[दृश्य: तराजूवर पांढरी बशी. एकेक चमचा साखर पडते आहे. मागे कोलाचा कॅन.]

चहाचा चमचा, काठाबरोबर सपाट केलेला. साखर ४ ग्रॅम. आणखी एक. आणखी एक.

या कॅनच्या मागच्या तक्त्यात लिहिलं आहे: १०० मिलिलिटरला १०.६ ग्रॅम साखर. कॅन ३३० मिलिलिटरचा. गुणाकार केला की ३५ ग्रॅम, म्हणजे चमच्यांत पावणेनऊ.

कॅन फिरवून बघा. पावणेनऊ हा आकडा त्यावर कुठेही नाही.

तो पुढच्या बाजूला छापा, आणि चमच्यांतच छापा, अशी मागणी २०१५ मध्ये ब्रिटनमधून पुढे आली. मागणी करणारी संस्था होती लोकल गव्हर्न्मेंट असोसिएशन, इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७० हून अधिक कौन्सिलांची संघटना. कौन्सिल म्हणजे तिथली महापालिका किंवा जिल्हा परिषद म्हणा. एप्रिल २०१३ पासून इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्याचं काम कौन्सिलांकडे आलं. शाळेतल्या मुलांची वजनं घेणारे त्यांचे, आणि पाकिटावरचं लेबल खरं आहे का हे तपासणारेही त्यांचेच.

[दृश्य: सुपरमार्केटची मांडणी. पाकिटांवर लाल, पिवळे, हिरवे चौकोन.]

हे रंगीत चौकोन ब्रिटन सरकारच्या, जून २०१३ मध्ये ठरलेल्या योजनेतले आहेत. चरबी, संपृक्त चरबी, साखर, मीठ, प्रत्येकाचा वेगळा रंग. रंग ठरतो १०० ग्रॅमवर. साखर ५ ग्रॅमपर्यंत असेल तर हिरवा, २२.५ च्या वर गेली की लाल, मधे पिवळा. मीठ ०.३ पर्यंत हिरवं, १.५ च्या वर लाल. पेयांत साखरेच्या मर्यादा निम्म्या: १०० मिलिलिटरला २.५ पर्यंत हिरवी, ११.२५ च्या वर लाल.

आता आपला कोला पुन्हा घ्या. १०.६. म्हणजे १०० मिलिलिटरच्या हिशेबाने पिवळा! त्याला लाल करतं एक जास्तीचं कलम: एका वेळचं पेय १५० मिलिलिटरहून मोठं असेल आणि त्यात १३.५ ग्रॅमहून जास्त साखर असेल, तर लाल. हे कलम नसतं तर पावणेनऊ चमचे साखर पिवळ्या चौकोनात बसली असती.

[दृश्य: लाल चौकोनाचा क्लोजअप. खाली ‘३९ टक्के’.]

चौकोनातली टक्केवारी बघा. ३९. कशाच्या ३९ टक्के? लेबलसाठी दिवसाला धरलेल्या ९० ग्रॅम साखरेच्या. या ९० ग्रॅममध्ये दुधातली, फळातली, सगळीच साखर धरलेली आहे. पण वरून घातलेली, मधातली आणि फळांच्या रसातली साखर वेगळी काढली, तर तिची मर्यादा ब्रिटनच्या वैज्ञानिक सल्लागार समितीने २०१५ मध्येच मोठ्या माणसाला दिवसाला ३० ग्रॅम सांगितली. ७ ते १० वर्षांच्या मुलाला २४. कॅनमधली ३५ च्या ३५ ग्रॅम साखर घातलेली आहे. म्हणजे एका कॅनमध्ये दिवसाचा कोटा संपून वर ५ ग्रॅम जातात, आणि चौकोनावर ३९ टक्के वाचून वाटतं, अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहे.

चमच्याला कुठल्याही टक्केवारीचा आधार लागत नाही. कौन्सिलांच्या मागणीतली ही गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते.

[दृश्य: दुकान. अधिकारी एकाच बॅचची पाकिटं फळीवरून काढतात. पिशव्या, सील, सही.]

तपासणी इथून सुरू होते. कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागाचे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या विभागाचे, अधिकारी नमुना घेतात. आधी बॅच क्रमांक जुळवायचा, मग एकाच बॅचची न उघडलेली पाकिटं तीन भागांत वाटायची. एक भाग दुकानदाराला, एक प्रयोगशाळेला, एक कौन्सिलच्या कपाटात. पुढे वाद झालाच तर कपाटातला भाग गव्हर्न्मेंट केमिस्टकडे, म्हणजे वाद मिटवण्यासाठी नव्याने चाचणी करणाऱ्या सरकारी तज्ज्ञाकडे जातो. बॅच वेगळी निघाली, तर तीन भागांची तुलनाच होऊ शकत नाही आणि सगळी मेहनत वाया.

[दृश्य: भिंगाखाली लेबल. भिंगात बारीक मोजपट्टी.]

अक्षरंही मोजतात. इंग्रजी लहान ‘एक्स’ची उंची किमान १.२ मिलिमीटर हवी. पाकिटाची सर्वांत मोठी बाजू ८० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ०.९ चालते. चकचकीत पाकिटावर चंदेरी अक्षरं छापली की उंची नियमात बसते, पण दिव्याखाली वाचता येत नाही.

[दृश्य: प्रयोगशाळा. मिक्सर, काचेच्या नळ्या, यंत्राचा पडदा.]

प्रयोगशाळेत सर्वांत आधी नमुना पूर्ण एकजीव करतात. हे दिसायला साधं, चुका इथेच जास्त होतात. चिवड्यासारख्या पदार्थात मीठ तळाशी बसतं, शेंगदाणे वर राहतात. वरचा घास घेतला तर एक आकडा, तळाचा घेतला तर दुसरा.

साखरेसाठी नमुन्याचा द्राव काढून, गाळून यंत्रातून सोडतात. पडद्यावर उंचवटे उमटतात: ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज, दुधातला लॅक्टोज. सगळ्यांची बेरीज म्हणजे लेबलवरची ‘साखर’. सुक्रोज कारखान्यातून आला की आंब्यातून, हे यंत्राला कळत नाही. आंब्याच्या दह्यावर घातलेल्या साखरेचे चमचे छापायचे झाले तर ते उत्पादकाच्या पाककृतीवरूनच काढावे लागतील. कोलात ही अडचणच नाही. त्यात आहे ती सगळी घातलेली. चमच्यांची सुरुवात पेयांपासून करणं म्हणूनच सोपं आहे.

मिठाची गंमत वेगळी. लेबलवरचं ‘मीठ’ म्हणजे सोडियम गुणिले २.५. सोडियम कुठूनही आलेलं असो. पापडात पापडखार असतो. त्यातलं सोडियमही या हिशेबात मीठच. प्रयोगशाळेने फक्त क्लोराइड मोजलं तर पापडखार निसटतो आणि आकडा कमी येतो. म्हणून सोडियमच मोजायचं.

[दृश्य: पश्चिम लंडनमधलं भारतीय किराणा दुकान. चिवडा, पापड, बिस्किटं. पाकिटांवर चिकटवलेले पांढरे स्टिकर.]

साउथॉल, वेम्बलीच्या दुकानांत भारतातून आलेल्या पाकिटांवर असे स्टिकर दिसतात. भारतीय तक्त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, ब्रिटनला मीठ ग्रॅममध्ये हवं. समजा पाकिटावर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे. म्हणजे ०.८ ग्रॅम. स्टिकर करणारा हा ०.८ सरळ ‘मीठ’ या ओळीत टाकतो. चौकोन पिवळा होतो. २.५ ने गुणलं असतं तर आकडा २ आला असता आणि चौकोन लाल. एका गुणाकाराचा फरक.

घरी महाराष्ट्रात पाकीट हातात घेतलंत तरी हाच गुणाकार करता येतो. फक्त तिथे तपासणीचं काम महापालिकेकडे नाही, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

[दृश्य: छोटी बेकरी. कणकेचे गोळे भट्टीत जातात, ट्रे बाहेर येतो.]

छोट्या बेकरीला प्रत्येक वेळी प्रयोगशाळा परवडत नाही. पाककृतीतल्या घटकांवरून आकडे काढायला कायद्याची परवानगी आहे. चूक होते ती वजनात. १००० ग्रॅम कणकेत २०० ग्रॅम साखर घातली. भागाकार करून लिहिलं, १०० ग्रॅमला २०. पिवळा. पण भट्टीत पाणी उडून गेलं, बिस्किटं भरली ८५० ग्रॅम. साखर तेवढीच, २०० ग्रॅम. आता १०० ग्रॅमला साडेतेवीस. लाल. कच्च्या नव्हे, भाजलेल्या वजनाने भागायचं, हे कौन्सिलचे अधिकारी ट्रे काट्यावर ठेवूनच दाखवतात. तळलेल्या पदार्थात याच्या उलट: पाककृतीत तेल ‘तळण्यापुरतं’ लिहिलेलं असतं आणि शोषलेलं तेल हिशेबातच येत नाही. कढईतल्या तेलाचं वजन तळण्याआधी आणि नंतर करावं लागतं.

[दृश्य: प्रयोगशाळेचा अहवाल. बोट एका आकड्यावर.]

अहवाल आला. लेबलवर १०० ग्रॅमला साखर २२, प्रयोगशाळेत २६. चूक? नाही. १० ते ४० ग्रॅमच्या दरम्यान साखरेला २० टक्के सूट आहे, २६.४ पर्यंत चालतं. पिकांत, पाकात, भाजण्यात थोडाफार फरक पडणारच, त्यासाठी ही सूट. पण चौकोनाची रेघ २२.५ वर आहे. पाकिटावर पिवळा, पोटात लाल, आणि अधिकाऱ्यांना फाइल बंद करावी लागते.

या सवलतीच्या बाहेर गेलं तर सुधारणेची नोटीस, ती पाळली नाही तर गुन्हा.

आणि मूळ अडचण इथेच आहे. मागचा तक्ता सक्तीचा, म्हणून तो तपासता येतो. पुढचे रंगीत चौकोन ऐच्छिक. छापलेच तर नियमाने छापायचे. छापलेच नाहीत, तर कौन्सिल काही करू शकत नाही. एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असलेल्या गोड पेयांवर कर बसला, बऱ्याच कंपन्यांनी साखर खाली आणली. पुढची बाजू मात्र ऐच्छिकच राहिली, आणि चमचे तिथे अजून पोचलेले नाहीत. ते तिथे सक्तीने हवेत.

[दृश्य: पुन्हा तराजू. आता तीन बाटल्या रांगेत. साखर पडते आहे.]

हाच कोला, ५०० मिलिलिटर. ५३ ग्रॅम. सव्वातेरा चमचे.

दीड लिटरच्या बाटलीवर एका वेळचं पेय २५० मिलिलिटर धरलं आहे. चौकोनात लिहिलं आहे २९ टक्के.

बाटलीत १५९ ग्रॅम. चमचे पावणेचाळीस.

[दृश्य: बशी भरून साखर टेबलावर सांडते. आवाज बंद.]