फासा आता कोण टाकतो?

संगणकावर नवा युद्धखेळ यायचा असला की आमची जमात विचित्र वागायला लागते. गेमचा अजून पत्ता नाही, तारीख दोनदा पुढे गेलेली, हातात काय तर चार स्क्रीनशॉट. तेवढ्यावर रणगाड्याच्या पट्ट्याच्या कड्या मोजून होतात, आणि कडी चुकली म्हणून भांडणंही. पण पंधरा मिनिटांत कुणीतरी हमखास म्हणतं, "पुठ्ठ्याच्या सोंगट्यांवर खेळायचो तेव्हा..." की नवा गेम राहिला बाजूला. बाहेरच्याला हे म्हातारपणाचं लक्षण वाटतं. मला नाही वाटत. येणाऱ्या गेमकडून आपल्याला जे हवं असतं ते नेमकं काय, हे त्या जुन्या आठवणींतच सापडतं.

ज्यांनी पटावरचे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी जरा सांगतो. नकाशा षटकोनांत छापलेला. चौकोनात अडचण अशी की तिरपं पाऊल सरळ पावलापेक्षा जवळजवळ दीडपट लांब पडतं. षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. सोंगटी अर्ध्या इंचाची, तिच्यावर दोन आकडे: किती लढेल आणि किती चालेल. जाड पुठ्ठ्यातून सोंगट्या मोडून काढल्या की कोपऱ्यांवर कागदाचे तुसे राहतात. मी ते नेलकटरने कापत बसायचो, शेकडो सोंगट्यांचे चार-चार कोपरे. घरच्यांनी माझ्याबद्दल काय मत करून घेतलं असेल ते जाऊ द्या. पण कोपरे कापलेल्या सोंगट्यांचा ढीग चिमट्याने सरळ उचलता येतो, शेजारचं डिव्हिजन, म्हणजे शेजारच्या तुकडीची सोंगटी, बरोबर येत नाही.

आता हल्ला. माझी ताकद ११, समोरच्याची ४. पावणेतीन पट झाली, पण नियम सांगतो की अपूर्णांक बचाव करणाऱ्याच्या बाजूने सोडायचा. म्हणजे फाशावरून हल्ल्याचा निकाल सांगणाऱ्या तक्त्यात मी दोनास एकच्या रकान्यात. एकच अंक जास्त असता तर तीनास एक! मग तो एक अंक शोधायला अख्खी आघाडी धुंडाळायची, कुणाला तरी तिथून ओढून आणायचं, आणि जिथून ओढलं तिथे भगदाड. मग फासा. हरलो तर का हरलो हे मला शेवटच्या अंकापर्यंत ठाऊक असायचं, कारण हिशेब मीच केलेला असायचा. पंच मीच, खेळाडूही मीच. समोर कुणी नसेल तर शत्रूही मीच, आणि असं फार वेळा व्हायचं.

या प्रकाराची घरगुती परंपरा तशी तरुण आहे. अमेरिकेतल्या चार्ल्स रॉबर्ट्स यांचा 'टॅक्टिक्स' हा पट १९५४चा. त्यांच्या अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीचा 'गेटिसबर्ग' १९५८ साली आला तो चौकोनी जाळीवर. षटकोन त्यात १९६१च्या आवृत्तीत आले. त्याआधी सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातलं 'क्रीग्सश्पील', म्हणजे युद्धखेळच, बघा. थोरल्या राइसविट्झनी १८१२ साली राजासाठी हा खेळ खेळायचं टेबलच बनवलं. मुलाने, जो तोफखान्यातला लेफ्टनंट होता, १८२४ साली ते १:८००० च्या नकाशावर आणलं; एक खेळी म्हणजे युद्धातली दोन मिनिटं. सेनाप्रमुख म्युफलिंग बघायला आले ते फारशा उत्साहाने नव्हे. डाव रंगत गेला तसे खुलले आणि म्हणाले की हा नेहमीसारखा खेळ नव्हे, ही युद्धशाळा आहे.

त्या खेळात खेळाडूने फक्त हुकूम लिहायचा. फासे, तक्ते, कोण कुणाला दिसतं, निरोप कधी पोचला, हे सगळं पंचाकडे. खेळाडूला कळायचं तेवढंच, जेवढं सेनापतीला कळलं असतं. पुढे १८७६ साली फॉन व्हेर्डी या प्रशियाच्याच सेनाधिकाऱ्याने तर फासे आणि तक्तेही बाजूला सारले. अनुभवी पंच ठरवेल ते खरं.

म्हणजे बघा, आपण संगणकाला नवं म्हणतो, पण तो खरा जुना. पंच पुन्हा आला, एवढंच. १९८० साली एसएसआय कंपनीने पहिला गेम काढला तो 'कॉम्प्युटर बिस्मार्क'. समुद्रात लपलेलं 'बिस्मार्क' हे जर्मन लढाऊ जहाज शोधायचं. पटावर जहाज लपवायचं तर तिसरा माणूस लागतो, नाहीतर समोरच्याच्या प्रामाणिकपणावर भिस्त; इथे ते काम संगणकाचं. २००० साली आलेला 'कॉम्बॅट मिशन' तर सरळ 'स्क्वाड लीडर' या १९७७च्या पटाच्या घरातला: संगणकावरचा 'स्क्वाड लीडर' म्हणूनच त्याची सुरुवात झाली होती. दोन्ही बाजूंनी हुकूम द्यायचे आणि मग साठ सेकंद हात बांधून बघत बसायचं. रणगाडा घाबरून मागे सरकला तरी तुम्हाला काही करता येत नाही. लेफ्टनंट राइसविट्झ हे बघून खूश झाला असता.

स्वतःच पंच व्हायची किंमत मोजावी लागायची, हेही खरं. १९७९चा 'द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका' हा पट त्याचा कळस. दहा खेळाडू, पूर्ण खेळायला सुमारे १५०० तास, आणि इटालियन तुकड्यांना पास्ता उकळायला जादा पाणी द्यायचं, तेही वहीत मांडून. माझ्या ओळखीत तो पुरा केलेला कुणी नाही. अशी रसद-मोजणी यंत्राने घेतली ते उत्तमच झालं. २०१०च्या 'वॉर इन द ईस्ट' या संगणकावरच्या गेममध्ये एक षटकोन दहा मैलांचा, एक खेळी आठवड्याची, आणि दुसऱ्या महायुद्धातली सगळी पूर्व आघाडी. हे हाताने कोण करणार?

पण पाण्याच्या हिशेबाबरोबर फासाही नजरेआड गेला. माझा रणगाडा मेला, ठीक. कोन वाईट होता, की चिलखत पातळ, की नशीब? प्रशियातला पंच डाव संपल्यावर टेबलाशी सगळ्यांना बोलावून सांगायचा, तुमचा हुकूम कुठे अडला, तुमचे घोडेस्वार का परतले. संगणकाचा पंच धूर दाखवतो आणि पुढच्या मिनिटाला जातो. मग लोक गेम सोडून त्याच्या फायली उकरतात, तोच तोच हल्ला शंभर वेळा करून बघतात, वहीत टक्केवारी मांडतात. याला तुम्ही वेड म्हणा. मी म्हणतो, तो आपला जुना तक्ता ते परत काढताहेत.

म्हणून या नव्या गेमबद्दल मला विचारलंत तर चित्रं कशी आहेत याची मला फिकीर नाही. डाव चालू असताना सगळं खुशाल लपवा. संपल्यावर मात्र एक बटण द्या: कोण कुणाला दिसत होतं, कुठल्या गोळीला किती शक्यता होती, फासा काय पडला. तेवढं असेल तर पहिल्या दिवशी घेईन. नसेल तर, खरं सांगतो, तरीही पहिल्याच दिवशी घेईन, आणि मग तुमच्याबरोबर बसून कड्या मोजीन.