लेफ्टनंट विल्क्स : नकाशे आणि खटले

श्रोतेहो, नमस्कार. १८४२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क बंदरात उभ्या असलेल्या ‘नॉर्थ कॅरोलायना’ या युद्धनौकेवर अमेरिकी नौदलातील लेफ्टनंट चार्ल्स विल्क्स याच्यावर लष्करी खटला चालला. जवळजवळ चार वर्षांची जगप्रदक्षिणा संपवून तो नुकताच परतला होता. पण सत्कार राहिला बाजूलाच, हाताखालच्या अधिकाऱ्यांनी केलेल्या आरोपांना उत्तरे देण्याची वेळ त्याच्यावर आली.

ऑगस्ट १८३८ मध्ये सहा जहाजे घेऊन निघालेल्या या शोधमोहिमेचा प्रमुख असूनही विल्क्सला कॅप्टनचा हुद्दा देण्यात आला नव्हता, आणि ही सल त्याच्या मनात इतकी खोल रुतली होती की प्रवासात त्याने आपणच कॅप्टनचा गणवेश चढवला व जहाजावर वरिष्ठ सेनाधिकाऱ्याचे निशाण फडकवले. कामात मात्र तो कमालीचा काटेकोर होता. बेटाभोवती जहाजे ठरावीक जागी उभी करून तोफा डागायच्या, धूर दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजून अंतर काढायचे, आणि त्यावरून किनाऱ्याची रेषा आखायची, ही त्याची पद्धत होती. पॅसिफिकमधील सुमारे २८० बेटांची पाहणी या मोहिमेने केली. त्यातला तरावा बेटाचा नकाशा दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या लढाईतही अमेरिकी सैन्याच्या उपयोगी पडला.

१८४० च्या आरंभी तो अंटार्क्टिकाच्या बर्फाळ किनाऱ्यालगत सुमारे दीड हजार मैल गेला आणि हे खंडच आहे, असे त्याने जाहीर केले. त्याने जमीन दाखवलेल्या एका ठिकाणावरून ब्रिटिश कप्तान रॉस पुढे खुल्या पाण्यातून गेला, तेव्हा विल्क्सच्या प्रामाणिकपणावरच शंका घेतली गेली. ध्रुवीय हवेत क्षितिजापलीकडची जमीन जवळ भासते, हे लक्षात घेता माझ्या मते ती लबाडी नसावी.

फिजीतील मालोलो बेटाबद्दल मात्र त्याची बाजू घेता येत नाही. जुलै १८४० मध्ये त्याचा भाचा आणि आणखी एक अधिकारी तेथे मारले गेले, त्यावर त्याने गावे जाळली व सुमारे ८० माणसे मारली. १८४२ च्या खटल्यात न्यायालयाने त्याला दोषी ठरवले ते केवळ खलाशांना मर्यादेपेक्षा जास्त फटके मारल्याबद्दल, आणि शिक्षा म्हणून जाहीर ताकीद दिली.

अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधील यादवी युद्धात, ८ नोव्हेंबर १८६१ रोजी, उत्तरेच्या बाजूने लढताना त्याने ‘ट्रेंट’ हे ब्रिटिश टपालजहाज अडवून दक्षिणेचे दूत मेसन आणि स्लायडेल यांना उतरवून घेतले. उत्तरेत जयजयकार झाला. प्रतिनिधिगृहाने त्याच्या आभाराचा ठरावही केला. परंतु नियमानुसार जहाज ताब्यात घेऊन न्यायालयापुढे न नेता त्याने केवळ माणसे काढून घेतली होती. ब्रिटन युद्धाच्या तयारीला लागल्यावर लिंकन सरकारने दोघांना सोडून दिले. १८६४ मध्ये नौदलमंत्री वेल्स यांच्याशी झालेल्या वादातून त्याच्यावर पुन्हा खटला भरला गेला आणि तीन वर्षांचे निलंबन झाले. ते लिंकन यांनी एका वर्षावर आणले.