तीन थरांची उन्हाळी गोधडी

(दृश्य: ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी इमारत. जिन्याच्या वळणावर बोहारीण बसली आहे, समोर स्टीलची भांडी, शेजारी जुन्या कपड्यांचा ढीग.)

बोहारीण साडी हातात घेते, आधी पदर बघते, मग काठ. जरीची तार शाबूत असेल, पोत टिकून असेल तर समोरच्या पातेल्याचा सौदा होतो. धुऊन धुऊन मऊ पडलेली सुती साडी मात्र ती दोन बोटांत चाचपते आणि बाजूला सारते. तिचं बरोबरच आहे. तिला ती पुढे विकायची असते आणि विटलेल्या साडीला गिऱ्हाईक नसतं. पण उन्हाळ्यात अंगावर घ्यायच्या गोधडीला या बाजूला सारलेल्या साडीइतकं चांगलं कापड दुकानातही मिळत नाही. ती देऊ नका.

गुढीपाडव्याच्या साफसफाईला माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात, डांबरगोळ्यांचा वास घरभर पसरतो आणि कोणती साडी ठेवायची, कोणती द्यायची यावरून सासू-सुनांची चर्चा रंगते. गोधडी घालायला घ्यायची ती याच दिवसांत. ऊन कडक असतं, आणि परीक्षा आटोपल्या की मुलंही हाताशी असतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस येतो, आणि एकदा आला की शिवलेलं जाड कापड नीट वाळत नाही. आतल्या थरात ओल राहते, तिथे काळे ठिपके धरतात आणि ते धुऊन जात नाहीत. म्हणून काम मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संपवायचं.

(दृश्य: जमिनीवर पसरलेली साडी. मोजपट्टी.)

थंडीच्या गोधडीला पाच-सात थर घालतात. खाडीकाठच्या ठाण्यात उन्हाळ्यात तसली गोधडी कोणी अंगावर ठेवणार नाही. इथे रात्री घाम येतो आणि पहाटे त्याच घामावर पंख्याचं वारं लागून मुलं आखडतात. त्यासाठी तीन थर पुरेत. सुती कापड घाम टिपतं आणि तीन पातळ थरांतून वारंही खेळतं.

हिशेब सोपा आहे. सहावारी साडी म्हणजे २१६ इंच. तिच्या लांबीत तीन सारख्या घड्या घातल्या की ७२ इंचांचे तीन थर होतात आणि पन्हा साधारण ४४ इंच मिळतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलापर्यंत ही गोधडी पुरते. म्हणजे एका साडीत एक गोधडी. मोठ्या माणसाला ६० इंच रुंदी लागते, त्याला दोन साड्या जोडाव्या लागतात. साडी पाचवारी असेल तर तिसरा थर अपुरा पडतो. अशा वेळी मधला थर आजोबांच्या जुन्या मलमलच्या धोतराचा घाला. पांढरा असल्यामुळे त्याचा रंग वरच्या थरांना लागायची भीती नाही.

कोणती साडी घ्यायची हे मात्र डोळ्यांनी ठरवू नका. जुन्या साड्यांत सुती, मिश्र आणि पॉलिएस्टर हाताला कधी कधी सारख्याच लागतात. आतल्या टोकाचे दोन धागे उसवून घ्या, चिमट्यात धरा आणि सिंकवर काडी लावा. सुती धागा भुरूभुरू जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटांत विरते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. राखेबरोबर कडक कणही हाताला लागले तर धागा मिश्र आहे. गोधडीत फक्त सुतीच घ्यायचं. पॉलिएस्टरचा एक थर मध्ये गेला तरी घाम तिथेच अडतो. शिवाय धुतल्यावर सुती कापड आटतं, पॉलिएस्टर आटत नाही, आणि दोन-तीन धुण्यांत गोधडीला फुगे येतात.

मग साडीचा जोर बघायचा. खिडकीसमोर उजेडात धरा. सगळ्यात आधी विरतात त्या तीन जागा: घोट्याशी निऱ्या घासतात तिथला खालचा भाग, कमरेला परकराच्या नाडीशी खोचलेला भाग आणि खांद्यावर पिन लागते तिथला पदर. संशय आला तर कापड दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून आधी उभं, मग आडवं ताणा. चर्र असा आवाज आला की ती जागा गेली. तो भाग मधल्या थरात येईल अशी घडी घाला. टाचणीच्या टोकाएवढं छिद्र चालतं. वीतभर भाग विरला असेल तर तिथे दुसरा तुकडा खाली घालून आधी रफू करून घ्या.

(दृश्य: बादलीत भिजत घातलेली साडी. पाणी हळूहळू गढूळ होतं.)

धुणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आणि गोधडी बिघडते तीही बहुतेक इथेच. जुन्या सुती साडीत खळ असते. ती रात्रभर कोमट पाण्यात भिजवून काढायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा. खळ राहिली तर सुई अडखळते, आणि पावसाळ्यात कसर लागते ती याच खळीवर. ब्लीच घालू नका, विरलेला धागा आणखी कमजोर होतो. लाल, काळी, गर्द निळी साडी असेल तर पांढरा रुमाल ओला करून तिच्यावर जोरात घासून बघा. रुमालाला रंग लागला तर ती साडी आतबाहेर कुठेच नको. मिठाच्या पाण्यात ठेवली की रंग पक्का बसतो, असं घरोघरी सांगतात. तसं होत नाही. जाणारा रंग मिठाने थांबत नाही.

घोडबंदर रोडकडच्या सोसायट्यांमध्ये वाळवणं हे वेगळंच काम. गच्चीला कुलूप, बाल्कनीला ग्रिल, आणि बांधकामांची धूळ दिवसभर उडत असते. ओल्या कापडावर ती चिकटते. दोरीवर साडी उलटी टाका, वरून जुनी चादर घाला आणि अंधार पडायच्या आत आत घ्या.

(दृश्य: हॉलमधलं टीपॉय बाजूला सरकवलेलं. पंखा बंद. कापड पसरणारे चार हात.)

काठाचा निर्णय घडी घालण्याआधी घ्या. बोटभर रुंदीचा काठ असेल तर तसाच राहू द्या. दोन-अडीच इंचांचा काठ तिन्ही थरांत एकावर एक आला तर सुई जातच नाही. तो कात्रीने उतरवून गुंडाळून ठेवा, शेवटी कामाला येतो. फॉल ब्लेडने टाका टाका उसवून काढा. जरीचा पदर कापून टाका, कारण जरीची तार अंगाला टोचते आणि घामाने काळी पडते.

आता पंखा बंद करून फरशी पुसा आणि पहिला थर पसरा. चार कोपऱ्यांवर पाण्याने भरलेले तांबे किंवा वरवंटा ठेवा. कापड ताणायचं नाही, नुसतं सपाट करायचं. ताणून शिवलेला थर सोडला की आकसतो आणि बाकीचे दोन झोळ धरतात. उलटसुलट घडी घालत दुसरा, मग तिसरा थर घ्या. घडीच्या दोन्ही टोकांचे थर आतून आवळलेले नाहीत ना, हे हात फिरवून बघा. मग मध्यापासून कडेकडे चार-चार बोटांवर लांब कच्चे टाके घाला. पूर्ण गोधडीला तासभर लागतो, आणि हा तास वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो वाचवला की शेवटी एका कोपऱ्यात तीन-चार इंच कापड जास्त उरतं आणि ते दाबून बसवावं लागतं.

(दृश्य: जवळून. सुई कापडात चार वेळा वरखाली होते, मग दोरा ओढला जातो.)

सुई दोन इंचांच्या आसपास लांब आणि बारीक घ्या. दाभण नको, तिची भोकं जुन्या कापडात मिटत नाहीत. दोरा सुती. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत असतो, पण कापडाहून मजबूत दोऱ्याचा ताण कापडालाच पडतो आणि विरलेली साडी टाक्याच्या रेषेवर फाटते. दोरा हातभरच तोडा. लांब घेतला की गुंतागुंत होते आणि सारखा ओढला जाऊन पिंजतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर सुरळीत चालतो.

टाका पाव इंचाचा, दोन ओळींत पाऊण इंच अंतर. रेषेसाठी सुकलेल्या साबणाची चिप वापरा, पहिल्या धुण्यात जाते. सुईवर एका वेळी चार-पाच टाके भरायचे आणि मग दोरा ओढायचा, पण कापड चुणेल इतका नाही. गाठ नेहमी दोन थरांच्या मध्ये लपवायची. या अंतराने काठ धरून ४४ बाय ७२ च्या गोधडीत टाक्यांची ओळ शंभर मीटरच्या पुढे जाते. वरखाली होण्यात आणि गाठींत आणखी वीसएक मीटर दोरा लागतो, दुपदरी घेतला तर सगळं दुप्पट. रोज दोन तास बसलं तर साधारण आठ-दहा दिवसांचं काम.

आजीला टाका येतो, पण सुईत दोरा ओवता येत नाही. सातवी-आठवीतल्या नातवाला दोरा झटकन ओवता येतो, पण त्याचे टाके वाकडे पडतात. दुपारी जेवणं झाली की त्याने आठ-दहा सुयांमध्ये दोरा ओवून त्या उशीवर ओळीने खोचून ठेवायच्या. कामानंतर सुया मोजून परत घ्यायच्या, हा नियम घरात रांगतं मूल असो वा नसो. दोघी शिवत असतील तर समोरासमोर बसू नका. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, एकीचा टाका आवळ असतो, दुसरीचा सैल, आणि समोरासमोर शिवलं की गोधडी तिरकी ओढली जाते. एकाच बाजूला बसून एक ओळ तिची, एक ओळ हिची असं चालू द्या. वेगळ्या हाताचे टाके शेजारी शेजारी पडले की ताण समसमान वाटला जातो. शिवाय कोणती ओळ कोणाची हे पुढे कित्येक वर्षं ओळखू येतं, त्याची मजा निराळीच.

मे महिन्यात घामाने सुई चिकटते आणि दोन दिवसांत गंजते. गंजाचा डाग पांढऱ्या कापडावर कायमचा बसतो. बोटांना पावडर लावा आणि काम थांबवताना सुई गोधडीत खोचून ठेवू नका.

कडेला तो उतरवून ठेवलेला काठ लावा. इलकल किंवा नारायणपेठचा असेल तर उत्तमच, साडी विरते पण काठ टिकतो. लावताना मात्र जरा सैल सोडा, ओढून लावला की चारही कडा वर वळतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांवर कापडी त्रिकोणांचे थर शिवतात. दिसायला ते देखणे असतातच, पण ओढताना हात पडतो तो कोपऱ्यावर, त्यामुळे एक साधा त्रिकोण आपणही तिथे शिवावा.

पॉलिएस्टरच्या साड्यांचं काय? पिशव्या शिवा. पायपुसणं करू नका, ते पाणी टिपत नाही आणि फरशीवर घसरतं.

(दृश्य: गॅलरीत दोन दोऱ्यांवर आडवी टाकलेली गोधडी.)

पहिलं धुणं थंड पाण्यात, सौम्य साबणाने, स्वतंत्र. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं. ओली गोधडी एका दोरीवर टाकली तर मधोमध ताण येऊन टाके तुटतात, म्हणून शेजारच्या दोन दोऱ्यांवर पसरून घाला. कडक उन्हात दिवसभरात वाळते. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका, जुन्या सुती अभ्र्यात ठेवा आणि उघडीप मिळाली की वारं द्या.

दोन-तीन वर्षांत गोधडी पहिल्यांदा विरते ती वरच्या कडेला, हनुवटीशी. म्हणून शिवतानाच त्याच साडीचा वीतभर तुकडा बाजूला काढा आणि दरवेळी गोधडीबरोबर तोही धुवा. ठिगळ लावायची वेळ येईल तेव्हा त्याचा रंग गोधडीइतकाच उतरलेला असेल आणि तो आटायचा तेवढा आटूनही गेलेला असेल.