पहिल्याला झालं म्हणजे पुढचे सुटले? २५ टक्क्यांचा घोळ

नमस्कार मंडळी! थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या वेळा आलाय, की आज त्यासाठीच कॅमेरा लावलाय. "ताई, आम्ही दोघंही मायनर. पहिल्या मुलाला मेजर आहे. चारात एक असतो ना, तो झाला. आता पुढच्याला धोका नाही ना?"

आहे. तेवढाच आहे.

पाया पटकन उरकते, शाळेत झालंय सगळ्यांचं. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बाबांकडून. मायनर माणसाची एक प्रत चांगली, एक बिघडलेली. चांगलीवर भागतं, म्हणून त्याला बहुतेकदा पत्ताही नसतो. मुलाकडे दोन्हीकडून बिघडलेलीच आली की मेजर, मग दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं आलं. आईकडून बिघडलेली येण्याची शक्यता निम्मी, बाबांकडूनही निम्मी. निम्म्याचं निम्मं म्हणजे पाव, २५ टक्के. इथपर्यंत सगळे माना डोलावतात.

थांबा, समोरच्या बिल्डिंगचं ड्रिलिंग सुरू झालं. रिडेव्हलपमेंट चाललंय, आता दोन वर्षं तुम्हालाही हेच ऐकायचंय.

तर, घोळ होतो तो पुस्तकातल्या चौकोनामुळे, आईबाबांच्या प्रतींच्या जोड्या मांडतात ना, त्या. चार घरं असतात ना? दादरला माझ्या क्लासमध्ये दरवर्षी कोणीतरी त्या घरांना नावं देतं: हा थोरला, ही मधली... अरे, ती चार मुलं नाहीत! एकाच मुलाच्या चार शक्यता आहेत त्या. दुसऱ्या मुलाच्या वेळी अख्खा चौकोन पुन्हा नव्यानं मांडायचा. थोरल्याचा रिपोर्ट त्या नव्या बीजांडाला दाखवणार कोण?

नाही पटत? हिशेब करू. अशा जोडप्याला चार मुलं झाली, तर चारांत बरोबर एकालाच मेजर असण्याची शक्यता ४२ टक्के. निम्मीसुद्धा नाही! एकालाही नसण्याची जवळपास ३२ टक्के. उरलेल्या २६ टक्क्यांत दोघांना, तिघांना किंवा चौघांनाही. म्हणजे "चारात एक" हा घरोघरी ठरलेला कोटा नाही.

अजूनही नाही? मग वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलकडेच जाऊ. १८६६ साली छापलेल्या त्याच्या निबंधात ५,४७४ गोल वाटाणे आहेत आणि १,८५० सुरकुतलेले. जवळपास तिनास एक, म्हणजे चारात एक सुरकुतलेला, हे सगळ्यांना पाठ. पण त्याच निबंधात त्याने असंही नोंदवलंय की एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले निघाले, आणि दुसऱ्यावर १४ गोल, १५ सुरकुतलेले. सात हजारांत दिसणारं प्रमाण एका झाडावर दिसलं नाही, तर तुमच्या दोन-तीन मुलांत दिसेलच असं कसं धरायचं? पुस्तकवाले हा भाग गाळतात, याचा मला मनापासून राग येतो.

उलटा गैरसमजही तितकाच वाईट. "आमच्या घराण्यात कोणालाच नाही, आम्ही कशाला तपासू?" अहो, मायनर पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप पुढे जातो. जोडीदारही मायनर निघाला आणि मुलाला मेजर झाला की मगच कळतं.

आता दुसरी एक कमेंट, रक्तगटाची. "आई ए, बाबा बी, मी ओ. मी यांचाच ना?" यावर चक्क घरात भांडणं झाल्याचं लोक लिहितात! शांत व्हा. ए गटाच्या आईकडे ओची प्रत दडलेली असू शकते, बाबांकडेही. दोघांनी तीच दिली की मूल ओ. इथेही पावच. आणि तुमची बहीणसुद्धा ओ निघाली तर त्यात काही नवल नाही.

एबी आणि ओ यांचं मूल ओ निघालं तर मात्र लॅबवाले भुवया उंचावतात, कारण एबीकडे ओची प्रतच नसते. तेव्हाही लगेच संशय नको. आपल्या मुंबईचंच नाव असलेला बॉम्बे रक्तगट माहीत आहे ना? डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२मध्ये त्याची नोंद केली. ए आणि बी ज्या एच पदार्थावर बांधले जातात, तोच या लोकांत तयार होत नाही, कारण त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. मग ए किंवा बी गटाचं जनुक असूनही साध्या चाचणीत रक्त ओ दिसतं. पण यांना नेहमीचं ओ रक्त चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं. त्यामुळे ही गंमत नुसती परीक्षेपुरती नाही.

तर ज्यांनी प्रश्न विचारलाय त्यांना: दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधीच जेनेटिक काउन्सेलरना भेटा. गर्भाची तपासणी साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेच्या नमुन्यावरून करता येते, पण त्यासाठी तुम्हा दोघांच्या जनुकातला नेमका बिघाड आधी माहीत असलेला बरा. लग्न ठरतंय त्यांनी, आपण मायनर आहोत का हे सांगणारी एचबी ए-टूची रक्तचाचणी करून घ्या, एकदाच करायची असते. आणि कमेंटमध्ये रिपोर्टचे फोटो टाकू नका हो! मी बारावीला बायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाही.